गावाकडच्या घरात पहिलं वर्ष: साप, विंचू, वानरं आणि बिबट्याच्या शेजारी राहताना

सुरुवात दाराबाहेरच्या दिव्यापासून करा. ओट्यावर पांढरा झगझगीत दिवा रात्रभर जळत ठेवला की त्याभोवती किडे जमतात. किड्यांसाठी पाली आणि बेडूक येतात, बेडकांच्या मागावर साप उंबऱ्यापर्यंत येतो. दुसरी वाट धान्याची: सांडलेल्या दाण्यांवर उंदीर, उंदरांवर धामण, नाग आणि घोणस. तिसरी उष्ट्याखरकट्याची: उकिरड्यावर भटकी कुत्री आणि डुकरं, त्यांच्या मागे बिबट्या. घराजवळ येणारा जवळजवळ प्रत्येक प्राणी अशाच कुठल्यातरी वाटेने आलेला असतो. माणसाला चावण्यासाठी खास कुणी येत नाही. म्हणून शेवटच्या प्राण्याशी झुंजत बसण्यापेक्षा वाट जिथे सहज तुटते तिथे तोडावी. बहुतेक घरांत ती जागा दिवा, धान्याचं पिंप किंवा उकिरडा हीच निघते.

हे सगळं महाराष्ट्रातल्या गावात, वाडीवर किंवा शेतातल्या घरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी लिहिलं आहे. शहरातून आलेल्यांच्या चुका साधारण दोन टोकांच्या असतात. काहीजण प्रत्येक सरपटत्या जिवाला घाबरतात, आणि काहीजण हौसेने वानरांना बिस्किटं चारतात. दुसरी चूक जास्त महागात पडते.

सामान लावण्याआधी

हातात साधी पेन्सिल घेऊन घराला बाहेरून एक फेरी मारा. जिथून पेन्सिल आत जाते, तिथून घरातला लहान उंदीर जाऊ शकतो. त्याला ६ मिलिमीटरची फट पुरते. मोठ्या उंदराच्या पिल्लाला १२ मिलिमीटर पुरतात. बारीक सापांना याहून जास्त जागा लागत नाही. सर्वांत मोठी फट बहुतेक वेळा मागच्या दाराखाली सापडते, आणि ती दारं बसवल्यापासून तशीच असते. तिथे रबराची किंवा ब्रशची पट्टी खिळून टाका. मोरीच्या आणि न्हाणीघराच्या भोकांना ६ मिलिमीटरची लोखंडी जाळी बसवा. प्लास्टिकची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. नळाच्या पाइपाभोवतीची पोकळी भरताना आधी तारेचा काथ्या, म्हणजे भांडी घासायचा स्टीलचा, घट्ट कोंबा आणि त्यावर सिमेंट ओढा. नुसता फोम किंवा नुसतं सिमेंट टिकत नाही.

कौलं आणि भिंत यांच्यामधली पोकळी मात्र सिमेंटने बुजवू नका. हवा खेळायला ती लागते. तिथे जाळीच लावा, पण त्याआधी दोन-तीन दिवस संध्याकाळी बाहेर उभं राहून बघा. दिवेलागणीला तिथून लहान वटवाघळं बाहेर पडत असतील तर ती सगळी बाहेर गेल्यावरच जाळी बसवावी, आणि पिलांच्या काळात हे काम पुढे ढकलावं. आत अडकलेली पिलं मरतात आणि वास महिनाभर जात नाही.

छपरावर आलेल्या फांद्या छाटून किमान दोन मीटर अंतर ठेवा. उंदीर, उदमांजर आणि वानरं यांचा तो राजमार्ग असतो. रात्री माळ्यावर कुणीतरी दगड लोटत असल्यासारखा आवाज येत असेल तर ते बहुधा उदमांजर असतं. ते निरुपद्रवी आहे, पण एकदा माळ्यावर वीण झाली की जागा सोडत नाही.

भिंतीभोवती दीड ते दोन मीटरचा पट्टा मोकळा हवा. तिथे गवत, पालापाचोळा, रिकाम्या कुंड्या किंवा विटांचा ढीग नको. सरपण आणि गोवऱ्या भिंतीला टेकवून रचायची सवय सगळीकडे दिसते, आणि विंचू, मण्यार, फुरसं यांच्यासाठी तीच हक्काची खोली ठरते. रचणीसाठी जमिनीपासून फूटभर उंच दगडी किंवा लोखंडी चौथरा करा आणि तो घरापासून पाच-सहा मीटर लांब ठेवा. लाकूड काढताना आधी काठीने दोनदा ठोका, मग वरून उचला. ढिगाच्या पोटात हात घालू नका. कोंबड्यांचं खुराडं झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून असेल तर हलवा, कारण अंडी आणि पिल्लांसाठी धामण आणि नाग दोन्ही येतात.

धान्य पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात ठेवा. कुत्र्यामांजरांचं खाणं रात्री बाहेर ठेवू नका. ओट्यावरचा दिवा पिवळसर आणि कमी उजेडाचा लावा, आणि शक्य असेल तर दारापासून चार-पाच मीटर लांब, अंगणाच्या कडेला. उजेड अंगणात पडायला हवा, डोक्यावर नको.

फिनेल, गंधक, डांबरगोळ्या किंवा लसणाचं पाणी यांनी साप अडत नाही. कुंपणाभोवती या गोष्टी पसरायला पैसे मागणारे भेटतील. तेवढ्यात गवत कापून होतं.

उंदीर मारायला पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट वापरू नका. तिला उतारा नाही आणि घरातलं मूल ती बोटाने चाटू शकतं. इतर विषांचाही तोटा आहेच: विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला की तेही मरतात, आणि उंदरांचे फुकटचे शत्रू कमी होतात. पिंजरा लावा, रोज रात्री जागा बदला, आणि फटी बुजवल्याशिवाय पकडलेल्या उंदरांची मोजणी करत बसू नका. पावसाळ्यात गोठ्यात किंवा साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणात दर पावसाळ्यात आढळतो, आणि तो पायाच्या भेगांमधूनही शरीरात शिरतो.

पहिल्या आठवड्यातच एक कागद भिंतीवर लावा. त्यावर रुग्णवाहिकेचा १०८, वन विभागाची हेल्पलाइन १९२६, आणि आसपासच्या एका विश्वासू सर्पमित्राचा क्रमांक लिहा. पुढच्या ओळीत जवळच्या अशा सरकारी दवाखान्याचं नाव लिहा जिथे सर्पदंशाची लस आणि श्वासाचं यंत्र दोन्ही आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल, पण तिथे यंत्र असेलच असं नाही. ग्रामीण रुग्णालय की उपजिल्हा रुग्णालय, हे आधी जाऊन विचारा. रात्री दोन वाजता शोधण्याची ही माहिती नाही.

झोपताना आणि उठताना

मण्यार निशाचर आहे, घरात शिरते, आणि तिचे बरेच दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांना झोपेत होतात. दंश दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणा कधी दिसतही नाहीत. माणूस पहाटे पोटात दुखतंय, गिळता येत नाही, पापण्या जड झाल्या म्हणून उठतो आणि घरचे अपचनाचं औषध देतात. तेवढ्यात तास निघून जातात. पावसाळ्यात सकाळी अशी लक्षणं दिसली तर दंशाची खूण शोधत न बसता दवाखाना गाठा.

उपाय साधा आहे. खाटेवर किंवा बाजेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा. लोंबती मच्छरदाणी डासांना अडवते, सापाला नाही. अंथरूण जमिनीपर्यंत लोळू देऊ नका. उशीखाली टॉर्च ठेवा आणि पाय खाली टाकण्याआधी तो लावा. बूट, हेल्मेट, दाराआड लटकवलेले कपडे आणि वाळत घातलेली चादर वापरण्याआधी झटका. हे दहा सेकंदांचं काम विंचवासाठीही तेवढंच उपयोगी आहे.

शेतात किंवा परसात गवतातून जाताना घोट्याच्या वरपर्यंतचे गमबूट घाला आणि पुढे काठी आपटत चाला. बहुतेक दंश पायांना आणि हातांना होतात, म्हणून दिसत नाही तिथे पाय आणि हात घालू नयेत, एवढा एक नियम पाळला तरी बराच धोका टळतो. पावसाळ्याच्या तोंडाला घोणशीची पिल्लं जन्मतात. ती अंडी घालत नाही, एका वेळी वीस-तीस जिवंत पिल्लं देते, आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्यात विष असतं. थंडीत घोणस दिवसा ऊन खाताना दिसते. बांधावर ती पानांमध्ये अशी मिसळते की पाय पडेपर्यंत कळत नाही.

साप घरात दिसला तर

१. ओरडू नका, आणि नजर त्याच्यावरून काढू नका. साप नजरेआड झाला की पुढचे दोन तास सगळं घर उचकावं लागतं.

२. मुलं, म्हातारी माणसं आणि विशेषतः कुत्रामांजर यांना दुसऱ्या खोलीत न्या. कुत्र्याने अडवलेला साप जास्त वेळ आणि जास्त आक्रमकपणे फणा काढून राहतो.

३. दोन मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवा. आत जाणारी दारं बंद करा आणि फटीत ओला टॉवेल कोंबा. बाहेर जाणारं दार उघडं सोडा.

४. सर्पमित्राला किंवा १९२६ ला फोन करा. तो येईपर्यंत एकाने लांबून पहारा द्यावा. पुष्कळदा साप तेवढ्यात उघड्या दाराने निघून जातो. त्याला जाऊ द्या.

५. काठीने दाबणं, पिंपात कोंडणं, रॉकेल किंवा उकळतं पाणी टाकणं यांतलं काही करू नका. दंश याच वेळी होतात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सापाला मारणं गुन्हा आहे, आणि हौसेने पकडून सांभाळणंही.

सर्पमित्र निवडतानाही नजर असू द्या. साप गळ्यात घालून फोटो काढणारा, किंवा मुलांना हात लावू देणारा सर्पमित्र नको. चिमटा, पाइप आणि पिशवी वापरणारा, साप जवळच सोडणारा आणि नोंद ठेवणारा हवा.

चार साप आणि त्यांचे सोंगाडे

विषारी कोणते, हे जाणून घेण्याचा उपयोग सापाला हात लावण्यासाठी नाही. घरात फिरणारा बिनविषारी साप पाहून उगाच जीव घाबरू नये आणि चुकून मारलाही जाऊ नये, यासाठी आहे. महाराष्ट्रात जीवघेणे दंश प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचे.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत घोळ सर्वांत जास्त होतो. मण्यार निळसर काळी, चकचकीत असते. तिचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने येतात, डोक्याकडे ते पुसट किंवा नसतात, शेपटीकडे ठळक होतात. पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले मोठे आणि षटकोनी असतात, पण ते बघण्याइतकं जवळ जायचं नाही. कवड्या तपकिरी असतो, पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होतात, आणि तो खडबडीत भिंत सहज चढतो. अंधारात शंका असेल तर मण्यारच समजा.

घोणस जाड असते आणि पाठीवर साखळीसारख्या तीन रांगांत लांबट ठिपके असतात. तिचा फूत्कार कुकरच्या शिटीसारखा लांब आणि मोठा असतो. तिच्याशी गोंधळणारी डुरक्या घोणस बिनविषारी असते: तिचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड आणि खरखरीत. मांडूळही निरुपद्रवी. त्याचं शेपूट डोक्यासारखं दिसतं, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात आणि त्याच्या नावाने फसवणुकीचा व्यापार चालतो. कुणी मांडूळ विकायला आणला तर तुम्हीही गुन्ह्यात अडकता.

फुरसं जेमतेम फूट-दीड फुटाचं, पण आकारावर जाऊ नका. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर आणि कोरड्या माळावर ते भरपूर आढळतं. अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं.

नाग आणि धामण: धामण लांब, चपळ, मोठ्या डोळ्यांची, ओठांवर काळ्या रेषा असलेली. ती फणा काढू शकत नाही. परसातली धामण उंदरांच्या पिंजऱ्यापेक्षा जास्त काम करते. दिवड, नानेटी, तस्कर, गवत्या हे नित्याचे बिनविषारी. सह्याद्रीच्या झाडीत हिरवा चापडा भेटतो. त्याच्या दंशावर नेहमीची लस चालत नाही, पण दवाखान्यात इतर उपचार होतात, म्हणून तिथेही घरी बसणं चूकच.

दंश झाला तर

दंश झालेल्याला जागच्या जागी बसवा किंवा झोपवा. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा, सूज चढल्यावर ते कापावं लागतं. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा पट्टीने फळीला बांधून स्थिर करा. पट्टी सैल हवी, बोट सहज आत जाईल इतकी. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल आणि मोटारसायकलच असेल, तर रुग्णाला चालक आणि मागे धरून बसणारा तिसरा माणूस यांच्या मध्ये बसवून न्या. त्याला चालू देऊ नका. उलटी येत असेल तर डाव्या कुशीवर वळवा.

दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नका. त्याने विष थांबत नाही, उलट तिथला भाग मरतो, आणि दवाखान्यात गाठ सोडल्याबरोबर विष एकदम पसरतं. चीर देणं, चोखणं, बर्फ, चुना, हळद, दारू आणि मंत्र या सगळ्यांनी फक्त वेळ जातो. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. चौघांवर एकच लस आहे. लांबून फोटो निघाला तर ठीक, नाही निघाला तरी डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त वीस मिनिटांत गोठतं का ही चाचणी करून ठरवतात. "चावलं पण काही झालं नाही" असं वाटलं तरी चोवीस तास दवाखान्यात थांबा.

विंचू

मोठा काळा विंचू, म्हणजे इंगळी, दिसायला भयानक, पण तिचा डंख बहुतेक वेळा फक्त दुखतो. घातक आहे तो कोकणात आणि इतरत्रही आढळणारा लहान लालसर विंचू, बारीक नांग्यांचा आणि जाड शेपटीचा. त्याच्या विषाने शरीरातली रक्तदाब वाढवणारी रसायनं उसळतात आणि हृदयावर ताण येतो. डंखानंतर उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, धाप लागणं, यांतलं एकही दिसलं तर तातडीने दवाखाना. मुलांच्या बाबतीत लक्षणांची वाटच बघू नका. यावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरतं, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवलं, आणि ते लवकर दिलं गेलं तर जीव वाचतो. ते दवाखान्यात, रक्तदाब बघत देतात. घरी बर्फाच्या शेकाने वेदना कमी करता येते, बाकी उपाय नको.

विंचू शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग अतिनील टॉर्च. त्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो. पहिल्या पावसानंतर अंधार पडल्यावर ओटा, गडगा आणि सरपण यांवर फिरवा. दहा मिनिटांत कुठे किती आहेत ते कळतं. विंचवाला गुळगुळीत टाइल किंवा काच चढता येत नाही, म्हणून खाटेच्या पायांखाली काचेच्या वाट्या ठेवणारे चुकीचं करत नाहीत. फक्त पांघरूण लोंबू नये.

मोहोळ

आग्या मोहोळ उंच फांदीला किंवा इमारतीच्या सज्जाखाली उघडं लटकतं, कधी मीटरभर रुंद. त्याला दगड, धूर, जाळ किंवा पाण्याचा फवारा लावू नका. त्या माशा शेकडो मीटर पाठलाग करतात. पहिला डंख बसताच इशाऱ्याचा गंध सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि बाकीच्या तिकडे धावतात. त्यामुळे जागेवर हातवारे करण्यापेक्षा चेहरा झाकून सरळ बंद खोलीत किंवा गाडीत जा. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारून उपयोग नाही, माशा वर थांबतात. रात्री चिडलेल्या माशा दिव्याकडे येतात, म्हणून दिवे मालवा.

मधमाशीचा काटा त्वचेत राहतो आणि विष सोडत राहतो. नखाने किंवा कार्डाने खरवडा किंवा बोटाने उपटा. पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा. एक-दोन डंखांवर बर्फ पुरे. खूप डंख झाले, किंवा एकाच डंखानंतर ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, श्वास घरघरला, चक्कर आली, तर लगेच दवाखाना. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं.

आग्या माशा हंगाम संपला की मोहोळ सोडून स्थलांतर करतात. मोहोळ जाण्यायेण्याच्या वाटेवर नसेल तर काही आठवडे थांबणं हाच शहाणपणा. वाटेवर असेल तर अनुभवी मधपाळाला बोलवा. सातेरी माशा भिंतीच्या पोकळीत किंवा झाडाच्या ढोलीत राहतात. त्या बऱ्याच सौम्य असतात आणि पेटीत हलवता येतात.

कुत्री आणि वानरं

गावातली कुत्री नव्या माणसावर पहिले पंधरा दिवस भुंकतात. पळू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, दगडासाठी खाली वाकण्याचा आव शेवटचा उपाय म्हणून ठेवा. थांबा, बाजूला वळा, हळू चाला. रात्री दुचाकीमागे धावली तर वेग कमी करा, कारण त्यांना पळत्याचा पाठलाग आवडतो.

चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली तर पहिलं काम घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुणं. दोन मिनिटांत हात थकतो, म्हणून घड्याळ. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, आणि त्याच दिवशी रेबीजची लस. हळद, मिरची, तेल, चुना लावू नका आणि टाके घालण्याची घाई करू नका. सरकारी दवाखान्यात त्वचेतल्या लसीचे डोस साधारण पहिल्या, चौथ्या, आठव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी मिळतात, म्हणजे ०, ३, ७ आणि २८. रक्त निघालं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. "कुत्रं ओळखीचं आहे" म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय उरत नाही. मांजर, वानर, कोल्हा आणि मुंगूस चावल्यावरही हाच क्रम.

वानरं आणि लालतोंडी माकडं यांच्या बाबतीत पहिला नियम: हातात खाण्याची वस्तू दिसू देऊ नका. पिशवी ओढली तर सोडून द्या. दात दाखवत हसू नका आणि टक लावून बघू नका, दोन्ही त्यांना धमकी वाटते. खोलीत शिरलं असेल तर खिडक्या-दारं उघडून तुम्ही बाहेर व्हा. कोंडलेलं माकड चावतं. पाण्याच्या टाकीला कुलपाचं झाकण आणि फळझाडाखालचा सडा रोज उचलणं, यांनी येणं कमी होतं. फटाक्यांना ती काही दिवसांतच सरावतात. ओट्यावर बसून बिस्किट चारण्याचा एक महिना, आणि मग पुढची वर्षं ती तुमच्या शेजाऱ्याची कौलं फोडतात.

बिबट्या

जुन्नर, अकोले, नाशिक भागातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या पाहुणा नाही, रहिवासी आहे. वन्यजीव संशोधक डॉ. विद्या अत्रेय यांच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात जंगल नसलेल्या शेतीत बिबटे राहतात आणि मुख्यतः कुत्री, मांजरं, शेळ्या यांवर जगतात असं दिसलं. पकडून लांब सोडणं हा उपाय वाटतो, पण जुन्नर भागात तसं केल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. त्यामुळे पिंजऱ्याचा आग्रह धरण्यापेक्षा घराची बाजू सुधारा.

शेळ्यामेंढ्यांचा गोठा चारही बाजूंनी बंद हवा आणि वरून छत हवंच. नुसती भिंत त्याच्या एका उडीची आहे. दार उंबऱ्यापर्यंत पुरेसं, कडी बाहेरून आणि आतून दोन्ही. कुत्रा रात्री अंगणात साखळीला बांधणं म्हणजे आमिष लावणं. त्याला आत घ्या. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत मुलांना एकटं बाहेर सोडू नका. संडास लांब असेल तर तिथपर्यंत दिवा लावा आणि वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापा. बाहेर बसताना किंवा वाकताना माणूस लहान जनावरासारखा दिसतो. रात्री उसाला पाणी द्यायला जाणारे दोघे असावेत आणि मोबाईलवर गाणं किंवा बोलणं चालू असावं.

समोर आला तर पळू नका, पाठ फिरवू नका, खाली बसू नका. मुलाला उचलून घ्या, हात वर करून मोठे दिसा, जोरात ओरडा, हळूहळू मागे सरका आणि त्याची निघण्याची वाट मोकळी ठेवा. गर्दी जमवून घेरलेला बिबट्या माणसांना जखमी करतो, ही जवळजवळ प्रत्येक अशा घटनेची कथा असते. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर उचलू नका. आई आसपासच असते. कामगारांना बाजूला घ्या, १९२६ ला कळवा. वन विभाग ती त्याच जागी ठेवतो आणि रात्री आई घेऊन जाते. जनावर मारलं गेलं तर मेलेलं जनावर हलवू नका आणि त्याच दिवशी वनपालाला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई अडकते.

उघड्या विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधा. बिबटे, साळिंदरं, मुंगसं आणि माणसंही त्यात पडतात. हौदात एक खडबडीत फळी तिरकी टाकून ठेवली की पडलेला बेडूक किंवा मुंगसाचं पिल्लू स्वतः चढून येतं, आणि पाणी सडत नाही.

ज्यांना राहू द्यावं

पाल विषारी नाही. दुधात पडली तर दूध घाणीमुळे टाकावं, विषामुळे नाही. गव्हाणी घुबड माळ्यावर असेल तर दर रात्री उंदीर उचलतं. त्याचा आवाज भेसूर असला तरी तेवढं सहन करा. घोरपड डंखत नाही, विषही फुंकत नाही. ती कोंडीत सापडली तर शेपूट आणि नखं मारते, म्हणून रस्ता द्या. साळिंदर काटे फेकत नाही, फक्त पाठ करून मागे सरकतं.

गोचीड मात्र राहू देऊ नका. कुत्र्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात आणि मांडीच्या सांध्यात दर आठवड्याला बघा. तुमच्या अंगावर चिकटली तर रॉकेल किंवा जळती काडी लावू नका. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा आणि जागा साबणाने धुवा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ दिसली, आणि तो गोचिडीतूनच येतो. त्या भागात जंगलात जाताना पूर्ण बाह्या घाला आणि मोज्यात पँट खोचा, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. झाडीत फिरल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला आणि अंगावर कुठे सिगारेटने भाजल्यासारखा काळा, न दुखणारा व्रण दिसला तर तो डॉक्टरांना दाखवा. गोचिडीमुळे नव्हे तर अगदी बारीक माइट किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची ती खूण असते आणि ती बहुधा काखेत, मांडीत किंवा कमरपट्ट्याखाली लपलेली असते.